विश्लेषण : निलंग्यातला जमिनीखालचा आवाज मोबाइलमध्ये का सापडत नाही?

जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज येतो आणि माणसं घराबाहेर धावतात. भूकंपमापन केंद्राकडे विचारणा होते, तिथून उत्तर येतं, 'भूकंपाची नोंद नाही'. मग लोकांनी ऐकलं ते काय होतं? लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात हा प्रश्न वारंवार विचारला गेलाय. त्याचं उत्तर भूगर्भशास्त्रात तर आहेच, पण त्याचा एक भाग अनपेक्षित ठिकाणी सापडतो. तो म्हणजे माहितीपटासाठी आवाज टिपणाऱ्या साउंड रेकॉर्डिस्टच्या पेटीत.

निलंग्यात नेमकं काय घडलं?

सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरी गावात जमिनीखालून गूढ आवाज येऊ लागले. एकदा नाही, तर काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. गावात भीती पसरली. जिल्हा प्रशासनाने भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या तज्ज्ञांशी संपर्क साधला.

त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२३ रोजी याच तालुक्यातल्या निटूर-डांगेवाडी परिसरात असाच आवाज ऐकू आल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या दहा-अकरा दिवसांतच, १५ फेब्रुवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास थेट लातूर शहरात, विवेकानंद चौक परिसरात लोकांनी आवाज ऐकला. आपत्ती व्यवस्थापन विभागाने लातूर, आशिव आणि औराद शहाजानी इथल्या केंद्रांकडे चौकशी केली. यातलं औराद शहाजानी निलंगा तालुक्यातच आहे. तिन्ही ठिकाणी भूकंपाची नोंद नव्हती. मराठवाड्यात असे आवाज अधूनमधून येत असतात, असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं.

ते खरंही आहे. हिंगोली जिल्ह्यातलं पांगरा शिंदे हे गाव अशा आवाजांसाठी वर्षानुवर्षं बातम्यांत आहे. नांदेड शहरात २००६ नंतरची काही वर्षं सौम्य धक्के बसत होते आणि त्यांच्यासोबत स्फोटासारखे आवाज येत होते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिथे यंत्रं लावून अभ्यास केला, तेव्हा या धक्क्यांचं मूळ अगदी उथळ असल्याचं दिसलं.

एका आवाजाने एवढी भीती का?

हासोरीपासून किल्लारी तीसेक किलोमीटरच्या आत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा आठ ते दहा हजारांच्या घरात सांगितला जातो.

दुसरी आठवण त्याहून बोचरी आहे. मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, किल्लारी परिसरात छोटे धक्के बसत होते. लोक घाबरले, काही दिवसांनी धक्के थांबले, जगणं पूर्ववत झालं आणि वर्षभरात गाव गेलं.

त्यामुळे 'नोंद नाही' हे उत्तर या भागातल्या माणसाला धीर देत नाही. आपण ऐकलेलं कुणी खरं मानत नाही, असंच त्याला त्यातून ऐकू येतं.

'नोंद नाही' याचा अर्थ 'काही झालं नाही' असा आहे का?

नाही. भूकंपमापक यंत्र जमिनीची हालचाल टिपतं. यंत्राच्या जवळून जाणारी वाहनं, वारा, शेतातले पंप यांचीही थरथर त्यात सतत असते. वीसेक किलोमीटरवर एक रिश्टरपेक्षा कमी तीव्रतेचा धक्का बसला, तर त्याची लाट या रोजच्या थरथरीत सहज बुडून जाऊ शकते. तोच धक्का ज्या गावाच्या खाली, एक-दोन किलोमीटर खोलीवर बसला, त्या गावाला मात्र तो ऐकू जाऊ शकतो.

इथे 'ऐकू जातो' हा शब्द महत्त्वाचा आहे. भूकंपाची सर्वांत आधी पोहोचणारी लाट, जिला प्राथमिक किंवा 'पी' लाट म्हणतात, ती ध्वनीसारखीच दाब-विरळ अशा स्वरूपाची असते. ती जमिनीच्या पृष्ठभागाला ढोलाच्या चामड्यासारखी हलवते आणि वरची हवा हलते. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचं ऐकू येतं. हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, याचं माप. मोठ्या आणि दूरच्या भूकंपाची कंपनं बहुतेक २० च्या खाली असतात, म्हणून ती जाणवतात, पण ऐकू येत नाहीत. छोट्या, उथळ आणि जवळच्या धक्क्याची कंपनं मात्र २० ते १०० च्या पट्ट्यात येतात. म्हणून धक्का न जाणवता नुसता आवाज येऊ शकतो.

असे आवाज फक्त मराठवाड्यातच येतात असंही नाही. एकोणिसाव्या शतकात बंगालच्या किनाऱ्यावर तोफा डागल्यासारखे आवाज येत. ते 'बारिसाल गन्स' नावाने प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या मूडस गावाचं मूळ स्थानिक नावच 'आवाजांची जागा' अशा अर्थाचं होतं. तिथले आवाज उथळ, सूक्ष्म भूकंपांचे असल्याचं पुढे यंत्रांनी दाखवलं.

मग मोबाइलमध्ये तो आवाज का येत नाही?

गावात आवाज झाला की सगळ्यात आधी लोक मोबाइल काढतात. पण ऐकवायला गेलं की त्यात वाऱ्याची खरखर आणि माणसांचा गलका यापलीकडे काही सापडत नाही. समोरच्याची शंका आणखी वाढते. यामागची कारणं तांत्रिक आहेत.

पहिलं कारण वेळेचं. आवाज एक-दोन सेकंदांचा असतो. रेकॉर्डिंगचं बटण दाबेपर्यंत तो संपलेला असतो.

दुसरं कारण मोबाइलच्या कामाचं. मोबाइल माणसाचं बोलणं टिपण्यासाठी बनवलेला आहे. त्याचं सॉफ्टवेअर खालच्या पट्टीतली घरघर 'नको असलेला आवाज' समजून गाळतं. मोठा आवाज आला की पातळी आपोआप खाली आणतं आणि शांतता असली की वर चढवतं. त्यामुळे खरा आवाज किती मोठा होता, हे त्या रेकॉर्डिंगवरून सांगता येत नाही.

तिसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा तो आवाज फाइलमध्ये आलाच, तरी मोबाइलचा नखाएवढा स्पीकर साधारण २०० हर्ट्‌झच्या खालचं नीट वाजवू शकत नाही. पन्नास हर्ट्‌झची गडगड त्याच्यातून बाहेरच पडत नाही. तीच फाइल चांगल्या हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवर लावली तर कदाचित ऐकू येईल.

चौथं कारण व्हॉट्सअॅपवरून पुढे पुढे गेलेल्या व्हिडिओचं. पाठवताना फाइल दाबून लहान केली जाते. तिचा दर्जा घसरतो आणि ती नेमकी कधीची, कुठली, हेही कळेनासं होतं.

माहितीपटाचा साउंड रेकॉर्डिस्ट इथे काय वेगळं करेल?

माहितीपटाच्या चित्रीकरणात साउंड रेकॉर्डिस्टचा निम्मा वेळ खालच्या पट्टीतली घरघर घालवण्यात जातो. दूरचा ट्रक, पंखा, वारा हे सगळं कापण्यासाठी माइकवर आणि रेकॉर्डरवर एक खास बटण असतं. ते 'लो कट' नावाने ओळखलं जातं. हासोरीसारख्या ठिकाणी हे काम उलटं होतं. जे एरवी कापायचं, तेच इथे हवं असतं. म्हणून पहिलं काम, ते बटण बंद करणं.

दुसरं काम वाऱ्याचं. माइकवर आपटणारा वारा हुबेहूब गडगडाटासारखा वाजतो. त्यासाठी माइकवर फोम आणि वरून केसाळ कव्हर चढवतात. निलंग्याच्या उघड्या माळावर याच्याशिवाय केलेलं रेकॉर्डिंग जवळपास निरुपयोगी ठरेल.

तिसरं, आवाज कधी येईल हे माहीत नसताना रेकॉर्डिंग कसं करायचं? चांगल्या रेकॉर्डरमध्ये 'प्री-रेकॉर्ड' ही सोय असते. यंत्र सतत ऐकत राहतं आणि शेवटचे काही सेकंद स्मरणात धरून ठेवतं. बटण आवाजानंतर दाबलं तरी आधीचे सेकंद फाइलमध्ये येतात. अलीकडच्या '३२ बिट फ्लोट' रेकॉर्डरमध्ये पातळी आधी ठरवायची गरज राहत नाही. कुजबुज आणि स्फोट, दोन्ही एकाच फाइलमध्ये न फाटता येतात.

चौथं, हवेतल्या माइकसोबत जमिनीतही एक कान लागतो. त्याला जिओफोन म्हणतात. जमिनीत खुपसायचा खिळा आणि वर चुंबक-वेटोळ्याची डबी, असं हे साधं यंत्र जमिनीची कंपनं विजेच्या संकेतात बदलतं. तेल आणि पाण्याच्या शोधात ते अनेक दशकं वापरलं जातंय. आता आवाजावर काम करणारे कलाकारही झाडं, पूल आणि माती 'ऐकण्यासाठी' ते वापरतात.

आवाज जमिनीखालचा की हवेतला, हे कसं ओळखायचं?

हा खरा कळीचा प्रश्न आहे. कारण सगळेच गूढ आवाज भूगर्भातले नसतात. दगडखाणीतला सुरुंग, विहीर खोदताना उडवलेला स्फोट, दूरवरची वीज, वेगाने जाणारं लढाऊ विमान, यातलं काहीही असू शकतं.

बंगळुरूचं उदाहरण ताजं म्हणावं असं आहे. २० मे २०२० रोजी दुपारी शहराच्या मोठ्या भागात प्रचंड आवाज झाला, खिडक्या हादरल्या. भूकंपमापक यंत्रांत काही नव्हतं. नंतर संरक्षण खात्याने स्पष्ट केलं की तो हवाई दलाच्या विमानाच्या चाचणी उड्डाणाचा आवाज होता. विमान ध्वनीपेक्षा जास्त वेगाने गेलं होतं. म्हणजे तिथे लोकांचे कानही बरोबर होते आणि भूकंपमापकही.

फरक ओळखण्याची युक्ती साधी आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कठीण बेसाल्ट खडकातून 'पी' लाट सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर जाते. आता एकमेकांपासून दोन किलोमीटरवर दोन रेकॉर्डर ठेवा. त्यांच्याच रेषेत एका बाजूला खाणीत सुरुंग उडाला, तर हवेतून आलेला आवाज दोन ठिकाणी सुमारे ६ सेकंदांच्या फरकाने पोहोचेल. आवाज जमिनीखालून आला असेल, तर हा फरक अर्ध्या सेकंदाच्या आतच राहील.

जिओफोन आणि माइक एकाच जागी ठेवले तर आणखी एक खूण मिळते. साडेतीन किलोमीटरवरच्या सुरुंगाची थरथर जिओफोनला सेकंदाच्या आत कळेल, पण आवाज माइकपर्यंत यायला दहाएक सेकंद लागतील. धक्का पायाखालीच असेल, तर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी येतील. विमान असेल, तर आवाज आधी हवेतून येईल आणि जमीन त्या आवाजाने थरथरेल.

दोनाऐवजी चार-पाच ठिकाणी असं केलं, तर आवाजाचा उगम साधारण कुठे आहे, हेही काढता येतं. अट एकच, सगळ्या रेकॉर्डरचं घड्याळ एक असलं पाहिजे. सिनेमाच्या सेटवर क्लॅप वाजवून चित्र आणि आवाज जुळवतात. इथे ते काम उपग्रहाकडून मिळणारी जीपीएसची वेळ करते.

असा प्रयोग कुठे झालाय का?

हो, फिनलंडमध्ये. हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पो शहरात भूगर्भातली उष्णता मिळवण्यासाठी सुमारे सहा किलोमीटर खोल विहिरी खोदून त्यांत दाबाने पाणी सोडण्यात आलं. त्यामुळे छोटे भूकंप झाले आणि वर राहणाऱ्या लोकांनी गडगडाट ऐकल्याच्या तक्रारी केल्या. २०२० मध्ये तिथे संशोधकांनी भूकंपमापकांच्या जोडीने माइकही लावले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकपेक्षाही कमी तीव्रतेच्या धक्क्यांचा आवाज माइकवर आला होता. लोकांच्या तक्रारी आणि यंत्रांच्या नोंदी एकमेकांशी जुळल्या.

या प्रयोगातून निलंग्याने घेण्यासारखा मुद्दा यंत्रांच्या महागपणाचा नाही. लोकांनी ऐकलेलं आणि यंत्राने टिपलेलं एकाच वेळपत्रकावर ठेवलं, की वाद मिटतो, हा आहे.

सिनेमाने आपल्या कानांचं काय केलंय?

भूकंपाचा आवाज कसा असतो, हे बहुतेकांना सिनेमाने शिकवलं. १९७४ मध्ये 'अर्थक्वेक' हा हॉलिवूडपट आला. त्यासाठी 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा बनवली गेली. थिएटरमध्ये अवाढव्य स्पीकर बसवून अगदी खालच्या पट्टीतली घरघर सोडली जायची. प्रेक्षकांना ती कानापेक्षा छातीत जाणवायची. त्या चित्रपटाला सर्वोत्तम ध्वनीचं ऑस्कर मिळालं. रंगभूमीवर तर हे काम त्याहून जुनं आहे. विंगेत टांगलेला पत्रा हलवला की प्रेक्षागृहात ढग गडगडतात, आणि प्रेक्षक तो पत्रा आहे हे विसरतो.

नाटक-सिनेमात हे योग्यच आहे. तिथे आवाज 'रचायचा' असतो. गडबड होते ती हीच सवय बातमीत शिरते तेव्हा. गूढ आवाजाच्या बातमीच्या व्हिडिओला खाली धडाम असा तयार आवाज आणि भीतीदायक संगीत जोडलं, की पाहणाऱ्याला वाटतं, हाच तो आवाज. पुढच्या वेळी गावातला माणूस आपण ऐकलेल्याचं वर्णन करताना नकळत त्या व्हिडिओतल्या आवाजाचं वर्णन करू लागतो. अभ्यासकांच्या दृष्टीने साक्षच बिघडते. अस्सल ध्वनिमुद्रण नसेल तर बातमीत तसं स्पष्ट सांगणं आणि चित्र निःशब्द ठेवणं, हे जास्त प्रामाणिक ठरतं.

गावात चोवीस तास माइक लावला, तर लोकांच्या खासगी बोलण्याचं काय?

हा आक्षेप रास्त आहे. चावडीवर किंवा शाळेवर लावलेला माइक भूकंपासोबत भांडणं, फोनवरची बोलणी आणि गावकीही टिपेल. यावर तांत्रिक उपाय आहे, आणि तो स्वस्तातला आहे.

नेहमीच्या व्यावसायिक दर्जाचं रेकॉर्डिंग सेकंदाला ४८,००० नमुने घेतं. २४ बिटच्या एका माइकचं दिवसभराचं रेकॉर्डिंग १२ जीबीपेक्षा जास्त होतं. पण आपल्याला शंभरेक हर्ट्‌झपर्यंतचंच हवं असेल, तर सेकंदाला २५० नमुने पुरतात. मग दिवसाची फाइल ६५ एमबीच्या आसपास येते, म्हणजे साध्या मोबाइल डेटावरही पाठवता येईल इतकी. आणि बोललेले शब्द ओळखू येण्यासाठी लागणाऱ्या वरच्या पट्ट्या त्यात नसल्यामुळे कोण काय बोललं, हे कळत नाही. गडगडाट राहतो, गप्पा गळतात. तरीही असं यंत्र लावण्याआधी ग्रामसभेत ते काय टिपतं आणि काय टिपत नाही, हे सांगणं आवश्यक आहे.

आवाज टिपला, तर भूकंपाचा अंदाज येईल का?

नाही, आणि हे स्पष्ट समजून घेतलं पाहिजे. भूकंप कधी होणार, हे आज जगात कुणीही सांगू शकत नाही. मोठ्या भूकंपाआधी छोटे धक्के येऊ शकतात, जसं १९९२ मध्ये किल्लारीत झालं. पण बहुतेक वेळा छोटे धक्के येतात आणि विरून जातात, जसं नांदेडमध्ये झालं. हिंगोली परिसरात २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, म्हणजे या पट्ट्याखाली हालचाल आहे, हे खरं. पण एखादा आवाज ऐकून उद्या काय होईल, हे ठरवता येत नाही.

ध्वनिमुद्रणाचा उपयोग वेगळा आहे. आवाज खाणीचा निघाला, तर भीती संपते आणि तक्रार योग्य दाराशी जाते. आवाज उथळ धक्क्यांचा निघाला, तर त्या गावात तात्पुरती भूकंपमापक यंत्रं लावण्याची मागणी पुराव्यासह करता येते. आणि तिसरी गोष्ट, जुनी माळवदाची घरं आधी कुठे तपासायची, याचा क्रम ठरवायला मदत होते. १९९३ मध्ये माणसं मेली ती घरं पडल्यामुळे, हे विसरून चालणार नाही.

तोपर्यंत गावकऱ्यांना काय करता येईल?

आवाज आला की आधी मोबाइलमधली वेळ पाहून सेकंदापर्यंत लिहून ठेवा. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कशी जोडलेलं असल्याने ते भिंतीवरच्या घड्याळापेक्षा भरवशाचं असतं. आपण घरात होतो की शेतात, आवाज किती वेळ टिकला, जमीन किंवा भांडी हलली का, आवाज कुठल्या दिशेने आल्यासारखा वाटला, हे टिपा. शेजारच्याला विचारण्याआधी टिपा, कारण चर्चेनंतर सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात.

सीसीटीव्हीत आवाज रेकॉर्ड होत असेल, तर त्या वेळेचा भाग पुसला जाण्याआधी वेगळा काढून ठेवा. फाइल पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. संगीत, मथळा किंवा दुसरा आवाज जोडू नका. माहिती तहसील कार्यालयाला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन विभागाला कळवा. जाणवलेल्या धक्क्याची माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावरही भरता येते.

प्रशासनाच्या बाजूनेही एक बदल सहज शक्य आहे. 'भूकंपाची नोंद नाही' एवढ्यावर न थांबता, कुठल्या केंद्राची नोंद पाहिली, ते केंद्र गावापासून किती दूर आहे आणि तिथून किती छोटा धक्का पकडता येतो, हेही सांगावं. आणि पुढच्या वेळी हासोरी किंवा निटूरमध्ये आवाज झाल्यास पथकाच्या गाडीत भूकंपमापकासोबत एक माइकही असावा. तीस वर्षांपूर्वीचा सप्टेंबर ज्या गावांनी पाहिलाय, त्यांच्या कानावर विश्वास ठेवून चौकशी सुरू करायला तेवढी तयारी पुरेशी आहे.